घरचा नॅस घेताय? आधी या चुका टाळा

नॅस म्हणजे आत हार्ड डिस्क बसवून राउटरला जोडायचा डबा, घरातल्या सगळ्यांच्या फाइल्स एका जागी ठेवणारा. तो घ्यायचा म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, किती टीबीचा घेऊ? अहो टीबीचं नंतर बघू. हा भरला की पुढची डिस्क कुठे घालणार आणि डबाच मेला तर आतला डेटा बाहेर कसा काढणार, ही दोन उत्तरं पैसे द्यायच्या आधी तुमच्याकडे पाहिजेत. माझ्याकडे नव्हती.

मी घेतला टू बेचा डबा (पाढ्यातला बे नाही, डिस्क सरकवायचा खण). चार चार टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत), म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर, त्यामुळे हातात आले चारच टीबी आणि विंडोजवर दिसले ३.६३. त्यात कुणी फसवलेलं नसतं बरं का, डिस्कवाले हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. मुलीचे व्हिडिओ, लग्नाचे अल्बम, बाबांनी स्कॅन केलेले जुने सातबारे, सगळं त्यात ओतलं आणि दीड वर्षात फुल्ल. आता वाढवायचं तर रिकामा खणच नाही, मग एक डिस्क काढा, मोठी घाला, रिबिल्ड (नव्या डिस्कवर सगळा डेटा परत उतरणं) होईपर्यंत जीव मुठीत धरून बसा, मग दुसरी काढा आणि परत तेच. जुन्या दोन्ही डिस्क अजून ड्रॉवरमध्ये पडल्यात. फोर बे घेऊन सुरुवातीला दोनच खण भरले असते तर थोडे जास्त पैसे गेले असते, पण तिसरी डिस्क नुसती सरकवून रेड ५ वर जाता आलं असतं. चारच्या तीन डिस्क लावल्या की आठ टीबी मिळतात, चार लावल्या की बारा, एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिचा डेटा परत काढायच्या हिशोबाला.

आता वेगवेगळ्या साइझच्या डिस्क. साधा रेड ५ सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने चालतो, म्हणून ४, ४, ८, ८ लावल्या तरी १२ च मिळणार. सिनॉलॉजी या नॅस कंपनीच्या एसएचआरमध्ये (त्यांची स्वतःची रेडची पद्धत) किंवा अनरेड या नॅसच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याच चार डिस्कमधून १६ मिळतात. थोड्या थोड्या पैशांनी वाढवणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. झेडएफएस (रेडसकट डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम, ओपनझेडएफएस ही तिची ओपन सोर्स आवृत्ती) वापरणाऱ्यांसाठी एक, जुन्या गाइडमध्ये लिहिलेलं असतं की रेड-झेडमध्ये (झेडएफएसचा रेड ५ सारखा प्रकार) नंतर एकेक डिस्क वाढवता येत नाही, ते आता जुनं झालं, जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून येते.

आणि डब्याची कम्पॅटिबिलिटी लिस्ट बघितल्याशिवाय डिस्क घेऊ नका. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेल्सना स्वतःच्या किंवा सर्टिफाइड डिस्कचीच अट घातली होती, लोक भडकले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या नॅसच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, डीएसएमची, ७.३ आवृत्ती आणून ती सैल करावी लागली.

डिस्कमधली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एसएमआर. यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधलं कौल बदलायचं तर पुढची ओळ हलवावी लागते, तसंच इथे थोडं बदलायला बरंच परत लिहावं लागतं. रोज थोडं थोडं लिहिताना हे कळतही नाही, रिबिल्डला मात्र डिस्क गुडघे टेकते आणि कधी कधी सिस्टिम तिला मेली समजून बाहेरच काढते. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या रेड नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर होत्या. (हा रेड वेगळा, तो रंगाचा.) नंतर त्यांनी सीएमआरवाल्या (ट्रॅक एकावर एक न चढवलेल्या) रेड प्लस नावाने वेगळ्या काढल्या. डेटाशीटमध्ये सीएमआर लिहिलेलं दिसलं तरच घ्या, दुकानदार "नॅसलाच चालते साहेब" म्हणाला म्हणून नको.

रेड म्हणजे बॅकअप नाही, हे वाचलं सगळ्यांनीच असतं. भाच्याने माझा एक अख्खा फोल्डर उडवला तेव्हा तो दोन्ही डिस्कवरून एका क्षणात गेला, इमानदारीत. स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या फाइल्सची नोंद, उडालेलं तिच्यातून परत आणता येतं) चालू ठेवा, आणि एक यूएसबी डिस्क भरून भावाकडे किंवा सासरी ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी आणून अपडेट करा आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा.

कॉपी स्लो होतेय? स्पीड ११ एमबीच्या आसपास अडकला असेल तर डब्याला शिव्या देऊ नका, लिंक १०० एमबीपीएसवर आहे. माझ्याकडे वायरवाल्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केल्या (प्लगमध्ये बसवल्या) होत्या, "इंटरनेट चालतंय ना" म्हणे. आठही तारा लावल्यावर ११० च्या घरात गेला. राउटरचा लॅन पोर्टही गिगाबिट आहे का बघून घ्या. नॅस अधूनमधून गायबच होत असेल तर बहुतेक त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतोय, राउटरमध्ये तो रिझर्व्ह करा.

यूएसबी केबलवाला यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो. घरात इन्व्हर्टर आहे ना मग कशाला, असं मीही म्हणायचो, पण बॅटरी संपतेय हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. बाहेरून फोटो बघायला पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे राउटरमधून नॅस थेट इंटरनेटला उघडा करू नका, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) असे इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे गाठले होते. त्याऐवजी टेलस्केल (तुमचा फोन आणि नॅस खाजगीत जोडणारं व्हीपीएन) टाका, जिथे पब्लिक आयपी मिळत नाही अशा फायबर कनेक्शनवरही चालतं.

राहिला डबा मेला तर काय. सिनॉलॉजीच्या डिस्क साटा पोर्टवाल्या पीसीला लावून लिनक्सवर वाचता येतात, झेडएफएसचा पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) ओपनझेडएफएस असलेल्या दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट होतो. पण स्वस्तातल्या यूएसबी रेड डब्यांमध्ये रेड आतली चिप करते, आणि तो मेला की बऱ्याचदा तसलाच दुसरा डबा शोधावा लागतो, जो तोवर मार्केटमधून गेलेला असतो.