बाटलीवरचं ‘डेंजर’ नेमकं किती डेंजर?

फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग आधी बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा. या दोन्हींवर ‘पॉयझन’ लिहिलेलं असतं, लालवर कवटीही. ‘डेंजर’ येतं ते निळ्यावर, थेट तिसऱ्या पायरीला! हिरव्यावर ‘कॉशन’. आपल्या ‘लई डेंजर’चा इथे उपयोग नाही. जागतिक पद्धतीच्या रसायन-लेबलांवर मात्र ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ हे दोनच शब्द, आणि त्यात ‘डेंजर’ जास्त गंभीर.

निळा दिसला म्हणून हातमोजे, मास्क काढू नका. रोज थोडं थोडं अंगावर उडण्याचा हिशेब या रंगात धरलेला नसतो. विषबाधा झालीच तर बाटली आणि माहितीपत्रक दवाखान्यात सोबत न्या. उताऱ्याची माहिती त्यावरच मिळते.