फुलं संपली की लगेच कात्री? खानदेशातल्या बागेत या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मोगरा भरात असतो. पुढे फुलं रोडावली, की हात आपसूक सिकेटरकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात झाड भुंडं करू नये. पारा 45च्या आसपास असताना पानांची सावली गेली, की उघड्या पडलेल्या फांद्यांची साल भाजते. माझा अंगणातला गावठी गुलाब असाच गेला. मेमध्ये मोठ्या हौसेने छाटला. आठ दिवसांत कापलेल्या टोकापासून काळेपणा खाली उतरू लागला, आणि खालचे जे दोन-तीन डोळे (फांदीवरचे कोंब) फुटले तेही दुपारच्या झळांनी करपले.

उन्हाळ्यात वाळलेली फुलं तेवढी खुडा, बाकी झाडाला हात लावू नका. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान करा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मोगऱ्याची डिसेंबर-जानेवारीत. मोगरा नव्या फुटव्यांवरच फुलतो, त्यामुळे जीव तुटतो म्हणून न छाटलेलं झाड नुसता पाला वाढवत बसतं. छाटणीआधी थोडे दिवस पाणी तोडायचं. काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे ताण बसायला वेळ लागतो. कुंडीला मात्र तेवढा ताण देऊ नका, ती लवकर सुकते.

‘छाटलं तरी फूल नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या वेळेची असते. चाफ्याची फुलं फांदीच्या टोकाला येतात. हंगामाच्या तोंडावर टोकं उडवली, की त्या वर्षी हात हलवत बसा. कुंद हिवाळ्यात फुलतो, म्हणून त्याला फुलं संपल्यावरच छाटायचं. पावसाळ्याच्या शेवटी छाटलात तर कळ्याच गेल्या. बोगनवेल एक बहर संपला की मोकळेपणाने छाटा, ती सगळ्यात सोशिक. पण वर रोज पाणी घालाल तर रंग येणार नाही, पानंच येतील.

शेवंतीचं दुःख वेगळंच. जानेवारीत फुलं वाळली, की लोक झाड मेलं समजून उपटतात. तसं करू नका. जमिनीपासून 10-15 सेंटिमीटर ठेवून कापा. बुडातून काश्या, म्हणजे नवे फुटवे निघतात, पुढच्या वर्षीची रोपं फुकट.

आता कापायचं कुठे? गुलाबात बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. जास्त वर घेतलात तर तेवढं ठुंठ वाळतं आणि तिथूनच रोग शिरतो. कापल्यावर फांदीच्या आत बघा: गर पांढरट-हिरवट असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली सरका. माझ्या त्या गुलाबात मी हे बघितलंच नव्हतं. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून एकत्र करा, पाणी सगळं मिळून 1 लिटर. लोखंडी भांडं नको.

झडीचा पाऊस लागला असताना छाटणी टाळा. ओल्या कापांत बुरशी लवकर धरते. आणि कण्हेर छाटली असेल तर हात साबणाने धुवा, फांद्या गुराढोरांपुढे टाकू नका. वाळल्या तरी त्या विषारीच असतात.