सिल्की कोंबड्या गावठीसोबत ठेवायच्या असतील तर

सिल्की दिसायला एकदम भारी, पण तिला गावठी किंवा आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीच्या कोंबड्यांच्या कळपात थेट सोडू नका, मार खाते बिचारी. पिसं केसांसारखी मऊ त्यामुळे उडता येत नाही आणि पाणीही आत मुरतं, म्हणजे पावसाळ्यात खुराड्याला नीट छप्पर आणि खाली कोरडा भुसा पाहिजेच, भिजली तर लगेच पुसा नाहीतर गारठते. झोपायला उंच दांडी नको, फूटभर उंचीची फळी पुरे.

नवीन पक्षी आधी 3-4 आठवडे पूर्ण वेगळे, आजार असेल तर कळतो, मग मधे जाळी लावून आठवडाभर नुसतं एकमेकांना बघू द्या, आणि सोडताना दोन-तीन सिल्की मिळूनच सोडा. दाणापाणी दोन ठिकाणी. डोक्यावर टोच मारणारी कोंबडी दिसली की तिलाच बाजूला काढा, कारण बऱ्याच सिल्कींच्या कवटीला वरून फट असते, तिथे लागलं तर जिवावर बेततं. डोळ्यांवरची पिसं थोडी कापा, दिसतच नाही हो तिला मागून कोण आलं ते!

अंडी कमीच, वर्षाला शंभरेक, सारखी खुडूक बसते ना. मग तिच्याखाली कडकनाथची अंडी ठेवा, 21 दिवसांत पिल्लं.