चार अध्याय, सहा आठवडे: महिला मंडळात रूथ कसे वाचावे

महिला मंडळाच्या सभेत दर आठवड्याला निराळे वचन घ्यायचे, एकीने त्यावर बोलायचे आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचे, असे वर्षानुवर्षे चालले तरी शास्त्र उघडून स्वतः वाचायची सवय लागत नाही. त्यासाठी एक लहान पुस्तक धरावे आणि ते संपेपर्यंत सोडू नये. सुरुवातीला बायबलमधल्या रूथच्या पुस्तकासारखे दुसरे नाही. चार अध्याय, ८५ वचने, आणि गोष्ट सासू-सुनेची.

सहा ते आठ जणी पुरेत. दहाच्या वर गेल्या की दोघी-तिघीच बोलतात, म्हणून सरळ दोन गट करावेत. दुपारी तीन ते सव्वाचार ही वेळ इंदूरमध्ये बहुतेकींना जमते; फक्त वार ठरवताना नळाला पाणी कधी येते ते एकमेकींना विचारून घ्या. बायबल ज्या भाषेतले सहज वाचता येते ते आणावे. सासूबाईंचे मराठी आणि हिंदी शाळेत शिकलेल्या सुनेचे हिंदी, दोन्ही चालतात. एकीने मोठ्याने मराठीतून वाचावे, बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत बोट ठेवून सोबत जावे. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्या काकूंना शेवटी गोष्ट सांगायला लावा. ऐकून लक्षात ठेवण्यात त्या बहुधा सगळ्यांच्या पुढे असतात.

पहिल्या आठवड्यात पूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचा. वीसेक मिनिटे लागतात. एक जण निवेदन वाचेल, बाकीच्या सासू नामी, सून रूथ आणि शेतमालक बवाज वाटून घेतील. मध्ये थांबून कोणी अर्थ सांगायचा नाही.

पुढचे चार आठवडे एकेक अध्याय. दहा मिनिटे गीत व प्रार्थना, मग अध्याय दोनदा वाचायचा, मग तीन प्रश्न, याच क्रमाने: काय लिहिले आहे? त्या काळच्या लोकांना त्याचा अर्थ काय होता? आज देव आपल्याकडून काय मागतो? निम्मा वेळ पहिल्या प्रश्नाला द्या. सभा बिघडते ती इथेच. वाचून होते न होते तोच कोणीतरी ‘यातून आपल्याला शिकायला मिळतं की...’ म्हणते, आणि वचन बाजूला राहते. तिला प्रेमाने विचारा, ‘ताई, हे कितव्या वचनात आहे?’

पहिल्याच अध्यायात याची परीक्षा होते. १:१६-१७ ही वचने (‘तुम्ही जाल तिथे मी येईन’) लग्नात वाचली जातात, पण बोलणारी मूलबाळ नसलेली विधवा सून आहे आणि ऐकणारी विधवा सासू, जी तिला परत जा म्हणून पुन्हा पुन्हा सांगते आहे. आणि २१ व्या वचनात नामी बेथलेहेमच्या बायकांना सांगते की परमेश्वराने मला रिकामी परत आणले, तेव्हा रूथ तिच्यासोबतच आलेली असते! हे कोणी दाखवून देऊ नका. पुन्हा वाचा आणि थांबा. कोणाच्या तरी ते ध्यानात येते, आणि स्वतः सापडलेले वचन ती बाई विसरत नाही. त्या क्षणी रूथला काय वाटले हे मात्र शास्त्र सांगत नाही, म्हणून आपणही सांगू नये.

दुसऱ्या अध्यायाआधी लेवीय १९:९-१० वाचा. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसे, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचा, ही परमेश्वराची आज्ञा होती. रूथने दिवसभर वेचून झोडपलेला सातू एफाभर भरला, म्हणजे साधारण २२ लिटर. न्हाणीघरातली वीस लिटरची बादली मध्ये आणून ठेवा, अंदाज येतो.

तिसरा अध्याय, रूथ रात्री खळ्यावर बवाजकडे जाते तो, संकोचाने गाळू नका. लिहिले आहे तेवढेच वाचा, आणि सोबत लेवीय २५:२५, म्हणजे वतन सोडवणाऱ्या जवळच्या नातलगाचा रिवाज कळेल. चौथ्यासाठी अनुवाद या पुस्तकातले २५:५-१० लागते, म्हणजे निपुत्रिक विधवेशी दिराने लग्न करायचा नियम.

कोणीतरी अनुवाद २३:३ काढून विचारेल की मवाबी माणसाला मंडळीत मनाई असताना मवाब देशातली रूथ कशी चालली? छान प्रश्न आहे. घाईने उत्तर देऊन मिटवू नका. वहीत लिहा आणि पाळकांना विचारा. पण ‘अर्थ लावणे हे पाळकांचे काम, आपण बायकांनी ऐकावे’ असे कोणी म्हटले तर पंडिता रमाबाईंची आठवण द्या. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी पूर्ण बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली प्रभूकडे जाण्याआधी ते काम पुरे केले.

सहाव्या आठवड्यात मत्तय १:१-१६. वंशावळीतल्या बायका शोधायला सांगा: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, मरीया. रूथ इथे, येशूच्या वंशावळीत, भेटली की पूर्वी गाळून पुढे जायची ती नावे बायका थांबून वाचतात.

शेवटची पंधरा मिनिटे प्रार्थनेची. विनंती एका वाक्यात सांगायची, आणि आपली किंवा जिने सांगायला परवानगी दिली आहे तिचीच. ‘अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करा’ यातून घराघरांतल्या गोष्टी बाहेर पडतात आणि ती सून पुन्हा येत नाही. गटात कोणी विधवा असेल तर तिला अनुभव सांगायचा आग्रह करू नये. तिला बोलायचे असेल तेव्हा ती बोलेल.

पुढचे पुस्तक म्हणून मार्क घ्या, प्रकटीकरण लगेच नको. १६ अध्याय आहेत. ईस्टरपासून मागे मोजून सुरुवात ठरवा, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे १४ आणि १५ हे अध्याय पवित्र सप्ताहाच्या सुमारास येतील. ईस्टरआधीच्या लेंतकाळात, म्हणजे उपवासाच्या दिवसांत, बहुधा रंगपंचमीही येते. त्या दिवशी गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूने ये-जा होत नाही, तेव्हा त्या आठवड्याची सभा आधीच दुसऱ्या वारी ठेवा.