व्यसनमुक्तीच्या काउन्सेलरला एमआय शिकवायचंय? आधी त्याची समजावायची घाई कमी करा

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे आपलं एमआय, उपदेश न करता पेशंटच्याच तोंडून बदलाची कारणं येऊ द्यायची बोलण्याची पद्धत, दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये अंगात मुरत नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली आणि २००४ साली त्यांच्याच टीमने व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांवर ट्रेनिंग तपासलं, तर वर्कशॉपनंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेले लोक नुसतं वर्कशॉप केलेल्यांपेक्षा पुढे गेले. त्यामुळे वर्कशॉप ठरवतानाच पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा धरून ठेवा.

पहिल्या दिवशी दारुड्याचा रोल प्ले नको, पोरं झिंगल्याची ॲक्टिंग करतात आणि सगळे हसत बसतात, शिकत कोणीच नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःची खरी अडलेली गोष्ट बोलू द्या, तंबाखू सुटत नाही, शुगर वाढलीय तरी चालायला जाणं होत नाही, असं काहीही. समोरच्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. पाच मिनिटंसुद्धा किती जड जातात ते तिथेच कळतं.

मग पेशंटचं वाक्य घ्या. "घरच्यांनी उगाच आणून टाकलंय, मी काय रोज पीत नाही." नवीन काउन्सेलर लगेच म्हणतो, "अहो पण लिव्हरचा रिपोर्ट बघा!" झालं, आता पेशंट दारूची वकिली करणार. त्याऐवजी काउन्सेलरने म्हणावं, "तुम्हाला न विचारताच सगळं ठरवलं." मग पेशंट म्हणतो, "नाहीतर काय! पोरगी मात्र रडत होती हो." या "मात्र"वर थांबायला शिकवा, बदलाचं बोलणं असंच हळूच येतं. "तिचं रडणं मनातून जात नाहीये." एवढंच बोला आणि गप्प बसा.

दारू सोडणं किती महत्त्वाचं, शून्य ते दहात सांगा, असं विचारल्यावर पेशंट चार म्हणाला तर "दहा का नाही" कधीच विचारू नका, "शून्य का नाही, चार का?" विचारा, म्हणजे कारणं तोच सांगतो.

दर महिन्याला पेशंटची लेखी परवानगी घेऊन वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, आणि काउन्सेलरलाच कागदावर रेघा मारू द्या, प्रश्न किती, परत बोलून दाखवणं किती, न विचारता दिलेला सल्ला किती. एका प्रश्नामागे दोनदा परत बोलणं झालं तर छान चाललंय. सुरुवातीला सल्ल्याच्याच रेघा जास्त निघतात, तेव्हा त्यालाही उपदेश करू नका, "यातलं तुला काय बदलावंसं वाटतं?" एवढंच विचारा.