एल्कसाठी तोळाभर गोळी

भाच्याला यंदा अमेरिकेत, कोलोरॅडोत, एल्कचा टॅग लागला, म्हणजे तिकडचं एल्क हे सांबरासारखं मोठं हरिण मारायचा परवाना. इकडे गुहागरात पावसाची झोड उठलेली आणि त्याचा फोन: "मामा, ३०० मॅग्नम घेऊ का?" म्हणजे मोठ्या काडतुसाची, जोरदार धक्क्याची रायफल. आमच्या वाडीतही हाच समज. जनावर मोठं, म्हणजे बंदूक मोठी. डेन्व्हरच्या नोकरीत असताना एल्कमागे डोंगर चढण्यात माझे बरेच हिवाळे गेले, तेव्हा उत्तर तयार होतं: आधी गोळी ठरव, मग बंदुकीचं बोलू. पहिल्यांदाच टॅग लागलेली इतरही मराठी मुलं हेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. हे तिकडच्या परवान्यावरच्या शिकारीपुरतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे घरातली ठासणीची बंदूक आठवून कोणी हात शिवशिवू देऊ नयेत.

काडतुसाच्या खोक्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापलेलं असतं. आमचं घर सोनारांचं, त्यामुळे मला ते माप परकं वाटलं नाही. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, आणि तोळ्याचे बारा मासे. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा, १६५ ची अकरा मासे, १५० ची दहा मासे. कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी किमान ८५ ग्रेन, म्हणजे सहा माशांहूनही कमी चालतं. गोळी पसरणारी, म्हणजे अंगात शिरताना टोक उघडणारी हवी आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. कायद्यात बसतंय म्हणून तेवढ्यावर भागवू नका. नर एल्क तीनशे किलोच्या पुढे भरतो, खांद्याचं हाड जाडजूड, आणि जनावर इतकं चिवट की फुप्फुसात गोळी लागल्यावरही दरी उतरून जातं. ती दरी रात्री मांस पाठीवर घेऊन तुम्हालाच चढायची असते.

पण वजनापेक्षा मोठा प्रश्न गोळीच्या बांधणीचा. साधी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात ओतलेलं शिसं. हरणाला ती उत्तम. जवळून, वेगात, एल्कच्या खांद्यावर बसली तर मात्र फुटून विखुरते आणि जखम वरवरची राहते. गंमत अशी, की मॅग्नममधून तीच गोळी आणखी जोरात आदळते आणि आणखी लवकर फुटते. जॉन नॉसलर या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला. त्याने गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा घातला: पुढचं शिसं पसरतं, मागचं शाबूत राहून आत शिरतं. १९४८ पासून ही पार्टिशन गोळी बाजारात आहे आणि आजही एल्कसाठी डोळे मिटून घ्यावी अशी आहे.

दुसरी जात बाँडेड, म्हणजे शिसं कवचाला आतून जोडून टाकलेलं. पसरते, पण कवच आणि शिसं वेगळं होत नाही. अ‍ॅक्युबाँड, ट्रॉफी बाँडेड या त्यातल्या. तिसरी निखळ तांब्याची, बार्न्स कंपनीची टीएसएक्स वगैरे. हिच्या टोकाच्या चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरा: शिशाची १८० घेणार असाल तर तांब्याची १६५ किंवा १५०. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच चालत नाही. मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन तिथले काँडॉर, म्हणजे मोठी गिधाडं, मरत होते. कायदा नसला तरी मांस घरात पोरंबाळं खाणार असतील तर मी तांब्याकडेच झुकेन. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

निशाणेबाजीच्या स्पर्धेच्या गोळ्या, टोकाला बारीक भोक असलेल्या, कितीही अचूक असल्या तरी घेऊ नका. ते भोक पसरण्यासाठी नसतं, गोळी बनवताना राहिलेलं असतं. पूर्ण कवचाची लष्करी गोळी तर विषयच नाही. ती आरपार जाते आणि जनावर दोन दिवस तडफडतं.

आता वेग. पसरणाऱ्या गोळीला पसरायला वेग लागतो. शिशाच्या बहुतेक गोळ्यांना आदळताना सेकंदाला १८०० फूट तरी हवेत. तांब्याच्या गोळीला मी २००० धरतो. थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाच्या रायफलमधून तोळ्याची गोळी साधारण २७०० ने निघते आणि ३०० यार्डांवरही २००० च्या वरच असते. खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात अंतरानुसार वेग दिलेला असतो. आपला आकडा जिथे खाली जातो तिथे पेन्सिलीने रेघ मारा. त्या रेघेपलीकडचा एल्क आपला नव्हे.

म्हणून भाच्याला सांगितलं, मित्राची थ्री-ओ-एट, म्हणजे मॅग्नमपेक्षा कमी धक्क्याची रायफल, मिळतेय ना, तीच घे. तांब्याची १६५ किंवा बाँडेड १८०. टू-सेव्हंटी काडतुसाची रायफल असती तर १५० ची पार्टिशन सांगितली असती. ३०० मॅग्नमचा धक्का सोसणारे असतात, पण नवखा माणूस तिसऱ्या बारानंतर डोळे मिटून घोडा ओढायला लागतो. मग कसली गोळी आणि कसलं काय.

निशाण: जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. थोडं तिरकं असेल तर गोळी पलीकडच्या खांद्याकडे निघाली पाहिजे असा विचार करा. बांधणीचे पैसे इथे वसूल होतात. पाठमोऱ्यावर नाही. बार काढल्यावर दुसरं काडतूस लगेच चढवा. एल्क उभा असेल तर पुन्हा मारा, कौतुक नंतर.

एच-वन-बीवाल्यांनी एवढं जपा: अशा व्हिसावर शिकारीचा वैध परवाना हातात येण्याआधी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगू नका, उसनंसुद्धा नाही. फेडरल कायद्याचा मामला आहे.

दोन-तीन प्रकारची एकेक खोकी आणून आपल्याच बंदुकीतून कागदावर मारून बघा. एकाच वजनाच्या दोन गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळ्या बसतात. जी जवळजवळ बसेल तिची एकाच लॉटची खोकी ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा; ऑक्टोबरात पहिला रायफल हंगाम उघडायच्या सुमारास दुकानात उरेल ते घ्यावं लागतं. डोंगरावर पोचल्यावर पुन्हा दोन बार कागदावर काढा. नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ, आणि प्रवासात बंदुकीवरची दुर्बीण हललेली असू शकते.