जमिनीतला कर्ब: आधी खड्डा खणा

जमीन कर्ब, म्हणजे कार्बन, साठवतेय की सोडतेय हे पाहायला लोक झाडं मोजत सुटतात. मी आधी कुदळ उचलते. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये साधारण 1500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. झाडाझुडपांत सगळा मिळून 450 ते 600 अब्ज टन.

सरळ भिंतीचा 30 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. काळपट रंग कुठे फिका पडतो, मुळं कुठवर गेलीत, ते निरखा. मग वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पाण्यात अलगद सोडा. टिकलं तर उत्तम. बघता बघता विरघळून गाळ झाला, तर काळजी करा. ढेकळाच्या पोटात दडलेल्या कर्बापर्यंत जिवाणू सहज पोचत नाहीत. वारंवार नांगरलं की तेच कवच फुटतं. चिकणमाती कर्ब धरून ठेवते, वाळूला ते तेवढं जमत नाही.

आता आकडा. कर्बाची टक्केवारी, मातीची घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार करा: 1 × 1.3 × 30 म्हणजे हेक्टरी 39 टन. घनतेसाठी माहीत असलेल्या आकारमानाची पोकळ लोखंडी कडं मातीत ठोका, आतली माती 105 अंशांवर पूर्ण वाळवा, वजनाला आकारमानाने भागा. हे टाळू नका. पहिल्या खेपेला मी टाळलं, आणि टक्केवारी 1 वरून 1.2 झाली म्हणून हरखले. पण माती भुसभुशीत होऊन घनता 1.1 वर आली असेल, तर साठा 39.6 टन, म्हणजे जवळपास होता तेवढाच. तो निकाल मला कधीच वापरता आला नाही.

मातीतून सुटणारा वायू मोजणार असाल तर तापमान आणि ओल सोबत टिपाच. दर 10 अंशांनी कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. कोरडी माती भिजली की काही तासांतच कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो; त्या दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचा हिशेब मांडू नका.

पाणथळ, काळी, कुजकट जमीन दिसली तर हात जोडून सांगते, तिचा निचरा करू नका, झाडं लावण्यासाठीसुद्धा नाही. अशा जमिनी मिथेन सोडतात, हे खरं. पण प्राणवायूअभावी तिथे हजारो वर्षांचा पाला साठलेला असतो, आणि पाणी हटलं की तो कुजू लागतो.

शेवटी खड्डा बुजवा, खुंटी ठोका. पाच वर्षांनी त्याच महिन्यात या आणि नमुना शेजारच्या न खणलेल्या मातीतून घ्या.